पुसलेला नाद

हेमांगी सोवनी समोरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला चार महिने रोज बघत होती. त्याचा हात किती उठतो, कुठे क्षणभर अडतो, दमल्यावर तो हातोडी कुठल्या बाजूला ठेवतो, हे सगळं तिला ठाऊक झालं होतं. त्याच्या हातोडीचा आवाज मात्र तिने एकदाही ऐकला नव्हता.

गल्ली कसबा पेठेतल्या तांबटांची, जेमतेम दहा फूट रुंद. तिच्या एका बाजूला जुनी तेलाची वखार होती. बिल्डरने वखारीच्या दगडी भिंती घासून काढल्या, सागवानी तुळया उघड्या ठेवल्या, अठरा फूट उंचीचा फायदा घेऊन वरच्या मजल्यावर लोखंडी जिना आणि अर्धा मजला चढवला आणि जाहिरातीत त्याला ‘हेरिटेज लॉफ्ट’ म्हटलं. गल्लीतले लोक ‘माळा’ म्हणत. हेमांगी आणि सलील राहायला आल्यावर पंधरा दिवसांत त्यांचं नाव ‘माळ्यावरचे सोवनी’ पडलं.

सलीलने ही जागा सुचवली तेव्हा हेमांगीला हसूच आलं होतं.

“तांबटांच्या गल्लीत? मला?”

हसण्याचं कारण होतं. तीन वर्षांपूर्वी एका विषाणूजन्य तापात तिच्या कानाची नस दुखावली. ऐकणं कमी झालं नाही, उलटंच झालं. स्टीलच्या वाटीवर चमचा आपटला तरी कानात सुई घुसल्यासारखी कळ यायची. डॉक्टरांनी त्याला हायपरअक्युसिस असं नाव सांगितलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची तिची नोकरी सुटली, नाटकं सुटली, लग्नकार्यं सुटली. कानात मेणाचे बोळे घातल्याशिवाय ती घराबाहेर पडेनाशी झाली.

“म्हणूनच तिथे,” सलील म्हणाला होता. “तिथे शांतता करून दाखवली, तर कुठेही करून दाखवता येईल.”

सलील ध्वनी-अभियंता होता. त्याने आणि त्याच्या तीन भागीदारांनी ‘निवांत’ नावाची खिडकी तयार केली होती. तिचं तत्त्व जुनंच होतं. आवाज म्हणजे हवेतली लाट: हवा क्षणभर दाबली जाते, क्षणभर सैल होते. नेमक्या त्याच क्षणी उलटी लाट सोडली, म्हणजे जिथे दाब आहे तिथे सैलपणा आणि सैलपणा आहे तिथे दाब, तर दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि कानापर्यंत काही पोचत नाही. हेडफोनमध्ये ही युक्ती कित्येक वर्षं वापरात होती. सलीलने ती सताड उघड्या खिडकीत आणली. माळ्याला गल्लीकडून बारा उंच खिडक्या होत्या. प्रत्येक चौकटीत तांदळाच्या दाण्याएवढे माइक आणि चपटे स्पीकर बसवले होते, आणि त्यांच्यामागे एक यंत्र, जे बाहेरचा आवाज आत यायच्या आत त्याची उलटी लाट तयार करायचं.

परिणाम विलक्षण होता. खिडकी उघडी असायची, वारा यायचा, चिंचेने घासलेल्या तांब्याचा आंबूस वास यायचा, खाली स्कूटरवाला तोंड वेडंवाकडं करून कुणावर तरी ओरडताना दिसायचा, आणि घरात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. हेमांगी त्या घरात तीन वर्षांनी पहिल्यांदा बोळ्यांशिवाय वावरली. पहिल्या दिवशी ती नुसती रडली होती.

समोरचा म्हातारा तिला आवडू लागला तो तेव्हापासून. खिडकीशी चहा घेत ती त्याचा हात बघत बसायची. दाराच्या उंबऱ्याला लागूनच त्याची बैठक होती. मांडीपुढे तांब्याचं भांडं, हातात हातोडी, आणि एकसारखे पडणारे ठोके. इतके एकसारखे की त्याच्याकडे बघून तिचा श्वास संथ व्हायचा.

मार्चमध्ये एक दिवस तो बैठकीवर नुसताच बसलेला दिसला. हातोडी बाजूला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या आठवड्यात बैठक रिकामी राहिली. आवाजाला घाबरणाऱ्या हेमांगीला त्या न ऐकलेल्या ठोक्यांवाचून चैन पडेना. तिने बोळे घातले आणि ती खाली उतरली.

दुकानात आतल्या बाजूला तिशीतली एक मुलगी दिव्याच्या पत्र्याला आकार देत होती. हेमांगीला बघताच तिने हातोडी खाली ठेवली.

“या काकू. तुम्हाला आवाजाचा त्रास होतो ना? सलीलकाकांनी सांगितलं होतं. थांबवते मी.” तिचं नाव ऋतुजा करडे. म्हातारा तिचे वडील, शशिकांत करडे. गल्लीचे शशीकाका.

“काका हल्ली बसत नाहीत का बैठकीवर?” हेमांगीने विचारलं.

ऋतुजाने मागे वळून बघितलं. वडील मागच्या खोलीच्या दारात स्टुलावर बसले होते. ती हळू बोलू लागली. बोळ्यांमुळे हेमांगीला निम्मं तिच्या ओठांवरून समजून घ्यावं लागलं.

“बाबा म्हणतात भांड्याचा नाद येत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, तर कान वयाच्या मानाने उत्तम. मी इथे आत बसते, मला खणखणीत ऐकू येतं. आणि बाबा म्हणतात, मडक्यावर मारल्यासारखं वाजतंय. आता डॉक्टर म्हणतात, मेंदूची तपासणी करून घ्या. पुढच्या बुधवारी आहे. भट्टीजवळ मी त्यांना एकटं बसू देत नाही. उगाच काही व्हायला नको.”

“मी वेडा झालेलो नाही,” शशीकाका मागून म्हणाले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

हेमांगी त्यांच्याजवळ गेली. “काका, मला सांगा ना. नक्की काय होतं?”

एखाद्याने खरोखर जाणून घेण्यासाठी विचारलंय, असं बऱ्याच दिवसांनी झालं असावं. शशीकाका सावरून बसले.

“भांडं मठारताना, ठोकून पत्रा सारखा करताना, डोळे फारसे कामाचे नसतात, ताई. पत्रा कुठे जाड राहिला, कुठे पातळ झाला, ते नाद सांगतो. ठोका पडला की मागे जो घुमतो ना, तो. मला ठोका ऐकू येतो, नाद येत नाही. आणि चमत्कारिक बघा, हात चुकला की येतो. लय बिघडली, दोन ठोके वाकडे पडले, की आला नाद. मला वाटतं, चला, बरं झालं. मग हात बसतो, लय लागते, आणि गेला. जसा काही कुणी टपून बसलाय.”

हेमांगीने पंचवीस वर्षं प्रयोगशाळेत मुलांना एकच गोष्ट सांगितली होती: स्वतः बघितल्याशिवाय वहीत लिहू नका.

“एकदा वाजवून दाखवता?”

“काकू, अहो, तुम्हाला—” ऋतुजा म्हणेपर्यंत हेमांगीने दोन्ही बोळे काढून हातात घेतले होते.

शशीकाका बैठकीवर बसले. अर्धवट झालेलं घंगाळ पुढे ओढलं. हेमांगी त्यांच्या खांद्याशी उकिडवी बसली आणि तिने दात घट्ट मिटले. पहिले चार-पाच ठोके पडले तशी कळ थेट जबड्यापर्यंत गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग काकांचा हात बसला. टक, टक, टक. आणि कळ थांबली.

ठोके पडतच होते. हातोडी तिच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती. दुखत नव्हतं.

ती शांतता तिच्या ओळखीची होती. कडा बोथट झालेली, कानावर अलगद उशी ठेवल्यासारखी. ती रोज सकाळी ह्याच शांततेत चहा घेत होती. हेमांगीने मान वर केली. समोर, दहा फुटांवर, तिच्या घराच्या बारा खिडक्या उघड्या होत्या.

“हेच घंगाळ मागच्या खोलीत नेऊन वाजवता, काका?”

मागची खोली अंधारी होती. पत्र्याचे तुकडे आणि कोळशाची पोती बाजूला करून काकांनी घंगाळ मांडलं. दहा-बारा ठोके पडले, लय लागली, आणि नाद उठला. खोलीभर भरला. हेमांगी भिंतीला टेकली. तिला वाटलं, कानातून आरपार तार ओढतंय कुणीतरी. तिने डोळे उघडले तेव्हा शशीकाकांचा हात हवेत थांबला होता आणि चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“वाजतंय! ऋतुजा, अगं वाजतंय!”

“अजून एकदा मारा,” हेमांगी भिंतीला धरून म्हणाली.

त्यांनी मारला.

निघताना ती उंबऱ्याशी थांबली. “काका, तुमच्या कानाला काही झालेलं नाही. डोक्यालाही नाही. मला उद्यापर्यंत वेळ द्या.” खिडक्यांचं नाव घ्यायला तिची जीभ रेटली नाही.

सलील संध्याकाळी घरी आला. तिने त्याला बूटसुद्धा काढू न देता सगळं सांगितलं. तो लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. अर्ध्या तासाने त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. गल्लीचा नकाशा होता. बारा खिडक्यांतून निघालेल्या रेषा करड्यांच्या उंबऱ्यापाशी एकत्र येत होत्या, भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावं तशा.

“डिसेंबरात आपण राहायला यायच्या आधी नवीन प्रणाली टाकली ना, तेव्हापासून,” तो म्हणाला. “आधी ती फक्त खिडकीत आवाज अडवायची. नव्या प्रणालीला आम्ही एवढंच सांगितलं होतं की घरात आवाज कमीत कमी राहू दे. कसा, ते तिचं तिने शोधायचं. तिने बघितलं की सगळ्यात जास्त त्रास ह्या एका जागेचा आहे. मग तिने आवाजाची वाटच उगमापाशी बंद केली. बारा खिडक्या मिळून उलटी लाट तिथे टाकतात. वीतभर इकडेतिकडे, एवढ्याच जागेत.”

“आणि काकांचं डोकं त्याच जागेत असतं. ऋतुजाचं नसतं.”

“हो.”

“हात चुकला की नाद येतो, ते कसं?”

सलीलने कपाळ चोळलं. “उलटी लाट वेळेवर पोचायची तर ठोका पडायच्या आधी ती निघायला हवी. म्हणजे पुढचा ठोका कधी पडणार, ते यंत्राला आधी कळायला हवं. साधा माणूस ठोकत असेल तर ते जमत नाही. ह्यांचं जमतं. हेमा, दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागानेही बदलत नाही. असा हात मी बघितलेला नाही. म्हणून तर यंत्राला त्यांचा नाद इतका नीट पुसता आला.”



“त्यांना आत सरकून बसायला सांगू,” सलील म्हणाला. “दोन फूट पुरेत.”

“उजेड उंबऱ्यापाशीच असतो. आणि ते सरकले की यंत्र त्यांना पुन्हा शोधणार नाही?”

“पंधरा दिवसांत शोधेल,” त्याने कबूल केलं.

“मग बंद कर.”

“तो भाग बंद केला तर नाद घरात येईल. सगळा नाही, पण बराच. तुला सहन होणार नाही. तू बाथरूममध्ये टॉवेल डोक्याला गुंडाळून बसायचीस. ते मी दोन वर्षं बघितलंय. हे सगळं मी कुणासाठी केलं?”

“मला माहीत आहे, सलील. पण तो माणूस चार महिने समजतोय की आपलं डोकं फिरलंय. बुधवारी त्याला मशीनमध्ये झोपवणार आहेत.”

“जूनमध्ये ह्याच पेठेत चाळीस घरांना खिडक्या बसायच्या आहेत.”

“म्हणजे चाळीस घरांच्या समोरची माणसं,” हेमांगी म्हणाली. “उद्या सकाळी तू खाली जाऊन सांग. मी बरोबर येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता सलीलने करड्यांच्या दुकानात उभं राहून काहीही न लपवता सगळं सांगितलं. शेवटी शशीकाकांनी एकच प्रश्न विचारला.

“म्हणजे हात जितका चांगला, तितका नाद गायब?”

“हो, काका.”

काकांनी हातोडीच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. “जानेवारीत एका देवळाच्या नगाऱ्याचं भांडं करायला आलं होतं. एवढं मोठं. असं काम दहा वर्षांत एकदा येतं. मी परत पाठवलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा काम परत पाठवलं. म्हटलं, जे आपल्याला ऐकू येत नाही ते देवासमोर कसं वाजवायचं.”

ऋतुजा रडत होती. “बाबा, मी तुम्हाला भट्टीवरून उठवलं...”

“तू काय करणार? मीच सांगत होतो ना सगळ्यांना.” त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. मग सलीलला म्हणाले, “या आता तुम्ही. मला काम आहे.”

सलीलने माफी मागितली. ती त्यांनी घेतली नाही आणि नाकारलीही नाही. ते बैठकीवर जाऊन बसले.

दुपारी सलीलने यंत्राचा तो भाग बंद केला. अडीच वाजता गल्लीत ठोके सुरू झाले. खिडकीने त्यांची धार बरीच कमी केली होती, तरी नाद आत आला. हेमांगी पाच मिनिटं खुर्ची धरून बसली, मग बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं.

तो महिना वाईट गेला. सलील मुळशीकडे एक घर बघून आला. हेमांगीने नको म्हटलं. का नको, ते तिला नीट सांगता आलं नाही. सलीलने कंपनीच्या अहवालात दोष जसाच्या तसा लिहिला आणि खाली सही केली. एक भागीदार म्हणाला, समोरच्यांच्या बैठका कंपनीच्या पैशाने हलवून देऊ. त्यावरून बरंच बोलणं झालं. तो भागीदार बाहेर पडला, चाळीस घरं पुढे ढकलली गेली आणि खिडकी पुन्हा खिडकीपुरती राहिली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंना हेमांगीने हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्हाला मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आठवतं? कानाला पूर्ण शांततेत ठेवलं की तो मिळेल तो आवाज मोठा करून ऐकतो. थोडा थोडा आवाज घ्यायला हवा, रोज. तुम्ही उठून गेला होतात.”

हेमांगीला आठवत होतं.

तिच्या एक लक्षात आलं होतं. सगळ्यात जास्त दुखायचं ते पहिल्या ठोक्याला. तो येणार हे ठाऊक नसायचं म्हणून. एकदा भाजी घेताना ऋतुजा भेटली, तेव्हा बोलता बोलता ती हे बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला शशीकाका दुकानाच्या दारात आले, वर बघितलं आणि हाक मारली, “ताई! सुरू करतो.”

खिडकीतून ती हाक पुसट आत आली, तसा हेमांगीने हात केला. मग ते बसले.

तेव्हापासून रोज सकाळी आणि दुपारी ही हाक यायची. त्यापलीकडे बोलणं नव्हतं. सलीलने दोनदा चहाला बोलावलं, काकांनी दोन्ही वेळा काम आहे म्हणून सांगितलं. हेमांगी आधी हाक आली की मागच्या खोलीत जायची. मग स्वयंपाकघरापर्यंतच जाऊ लागली. मे संपता संपता ती पहिली दहा मिनिटं खिडकीजवळच्या खुर्चीत बसू शकत होती. कळ यायची. पण ती कळ आता तिला भिववत नव्हती.

जुलैच्या एका सकाळी हाक आलीच नाही. एकदम ठोके सुरू झाले. अर्ध्या-पाऊण तासाने दारावर हलकी टकटक झाली. दारात शशीकाका उभे होते, जिना चढून धाप लागलेली, हाताला तांब्याची तांबूस पूड.

“आज सांगायचं राहिलं, ताई. बसलो आणि हात लागला, भान नाही राहिलं. फार त्रास झाला असेल.”

“झाला,” हेमांगी म्हणाली. “पण उठले नाही. इथेच होते. आत या ना, काका.”

त्यांनी चपला काढल्या आणि आत आले. लोखंडी जिना, तुळया, वर टांगलेले दिवे, सगळं त्यांनी सावकाश बघितलं. “इथे तेलाचे डबे छतापर्यंत रचलेले असायचे. पाय ठेवला की घसरायचा.” मग ते सरळ खिडकीपाशी गेले आणि खाली वाकून बघायला लागले. आपली बैठक त्यांनी वरून कधी बघितली नव्हती. ती रिकामी बघून ऋतुजा तिथे येऊन बसली होती आणि वडिलांचं भांडं पुढे घेऊन ठोकत होती.

नाद वर आला. हेमांगीचा हात आपोआप कानाकडे गेला.

शशीकाकांनी मान तिरकी केली. कपाळाला आठ्या पडल्या. “ऐकलंत?”

“काय?”

“हा पुढचा. हा... आणि हा. ह्याच्यात जरा दबलाय बघा.”

तिने कानावरचा हात काढला. आधी नुसती कळ होती. मग कळीच्या मागे काहीतरी लांब, गोल, घुमत जाणारं ऐकू आलं. आणि पुढच्या ठोक्याला तेच, पण थोडं आखूड.

“आखूड आहे,” ती म्हणाली.

“आखूडच आहे!” काका खिडकीतून अर्धे बाहेर वाकले आणि गल्लीभर घुमेल अशा आवाजात ओरडले, “ऋतुजा! डावीकडे! डावीकडे जाड राहिलाय पत्रा!”

खाली ऋतुजाने दचकून वर बघितलं. माळ्याच्या खिडकीत वडील होते. मग तिने भांडं फिरवलं, बोटाने चाचपलं आणि मान हलवली. “हो बाबा! आहे!”

शशीकाका मागे वळले आणि त्यांच्या लक्षात आलं. “अरे देवा. ताई, तुमच्या कानाशीच ओरडलो की मी.”

हेमांगीने एक हात कानावर घट्ट दाबून धरला होता. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

“बसा,” ती म्हणाली. “चहा टाकते.”